चौथ्या कार्डाचं नाव

शुक्रवार, ३ जून २००५

ही वही कॉलेजची आहे. पहिल्या अठरा पानांवर विद्युत परिपथ, मग एक रेघ, मग काही नाही. उरलेली पानं कोरी ठेवण्यात अर्थ नाही म्हणून आजपासून रोजनिशी.

कॉलेज का सोडलं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे परत लिहायला नको. मार्चमध्ये प्रयोगशाळेत मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शुक्री, तू तारा झोपेत जोडतोस का?" वर्ग हसला. मी टी-स्क्वेअर टेबलावर आपटला, तो मोडला आणि मी निघून आलो. टी-स्क्वेअर माझाच होता.

आता नवं काम. गल्लीत इंटरनेटची पक्की लाइन घ्यायची ऐपत एकट्यादुकट्याची नाही. मी एक लाइन घेणार आणि छपरांवरून तारा टाकून घराघरांत वाटणार. अख्ख्या तांता शहरात पोरं हेच करताहेत, पण बहुतेकांचं जुगाड आठवड्यात बंद पडतं. माझं पडणार नाही. बंद झालेल्या एका ऑफिसातून जुना कॉम्प्युटर आणलाय, त्यावर लिनक्स चढवलंय आणि तो गच्चीवरच्या खोलीत ठेवलाय. त्यात तीन नेटवर्क कार्डं. एकात बाहेरची लाइन येते, दुसऱ्यातून आमच्या इमारतीला जाते, तिसऱ्यातून मागच्या इमारतीला.

आई वर येऊन बघून गेली. म्हणाली, "अर्धं कॉलेज, अर्धी दाढी, आता अर्धा कॉम्प्युटर. याचं झाकण कुठाय?"

झाकण मुद्दामच काढलंय. उकडतं त्याला.

शुक्रवार, १० जून

चाललं! चाललं, चाललं!

मशीन सुरू होताना कार्डं वरून खाली मोजतं: शून्य, एक, दोन. मी त्याला सांगितलं, शून्यातून आलेलं एक आणि दोनला दे. दुपारच्या नमाजानंतर आमच्या पाच घरांत आणि मागच्या सहा घरांत एकाच वेळी नेट आलं. मागच्या गच्चीवर अम्म मुतवल्ली यांचा, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मुतवल्ली काकांचा, कबुतरखाना आहे, चार माणसं उंच, लाकडी. ते शिडीवरूनच ओरडले, "शुक्री! माझा जावई दिसतोय रे! कुवेतमधून! जाडा झालाय मेला!"

मग त्यांना माझ्या निळ्या तारा दिसल्या. "या पाखरांच्या वाटेत आल्या तर कापीन हां."

"कापून बघा, अम्म मुतवल्ली."

हे म्हणायला नको होतं.

रविवार, १२ जून

समोरच्या इमारतीलाही नेट हवंय. इनास समोरच्या इमारतीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. एवढंच लिहून थांबायचं ठरवलं होतं, पण वही माझी आहे.

इनास गणित शिकते, तिसऱ्या वर्षाला. हसताना मान डावीकडे झुकवते. तिचे वडील उस्ताज वगीह तांता जंक्शनच्या सिग्नल केबिनमध्ये आहेत. पाच दिशांच्या गाड्या ते एका खोलीतून वळवतात, आणि तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही गाडी भलत्या रुळावर गेली नाही. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते स्वतः सांगत नाहीत.

माझ्याबद्दल ते काय म्हणाले तेही गल्लीत सगळ्यांना माहीत आहे: "जो मुलगा टी-स्क्वेअर मोडून वर्गातून निघतो, तो उद्या ताट मोडून घरातून निघेल. अर्ध्यात सोडणाऱ्याला मी माझ्या दारातून आत घेणार नाही."

ठीक. इनासची धाकटी बहीण हिंद यंदा सानवियाला, शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसलीय. निकाल जुलैत, आणि तो आधी इंटरनेटवर लागतो. तिन्ही इमारतींत मिळून सात मुलं बसलीत. त्या दिवशी माझी लाइन शेवटच्या मुलाचा निकाल लागेपर्यंत चालली, तर उस्ताज वगीह मला अर्धवट कसं म्हणतील ते बघतो. चालली नाही, तर ही गल्ली मला सोडावी लागेल.

शुक्रवार, २४ जून

सकाळी समोर तार टाकली. इनासने भाजीची टोपली दोरीने खाली सोडली, मी तारेचं टोक टोपलीत बांधलं, तिने वर ओढून घेतलं. वरून म्हणाली, "वजन काहीच नाही की हिला. मी म्हटलं, इंजिनिअरसाहेब काहीतरी जड पाठवताहेत."

मला 'इंजिनिअरसाहेब' म्हणून टोमणा मारला. बरोबरच आहे, मारणारच.

मग चौथं कार्ड. दुकानातून अगदी तसंच आणलं, चारही एका साच्याची. सगळ्यात खालचा स्लॉट मोकळा होता, पण तिच्या घराची तार तळाला, धुळीत? मुळीच नाही. सगळ्यात वरचा स्लॉट रिकामा होता, त्याच्यापुढची पत्र्याची पट्टी गंजून बसली होती, म्हणून आधी सोडून दिला होता. पट्टी वाकवली, कार्ड कसंबसं आत घातलं. तिची जागा पहिली.

मशीनला सांगितलं, आता तीनलाही दे, आणि सुरू केलं. कुठेच काही नाही. सगळीकडे शुकशुकाट. अकरा घरांतून अकरा आवाज: "शुक्री! गेलं!"

मागच्या गच्चीवर बघतो तर अम्म मुतवल्ली हातात विळा घेऊन उभे, आणि माझी तार त्यांच्या कबुतरांच्या झेंड्याच्या काठीला बांधलेली. मी काय बोललो ते लिहीत नाही. त्यांनी काय उत्तर दिलं तेही नाही. त्यांच्या बायकोने खिडक्या लावून घेतल्या.

शनिवार, २५ जून

अम्म मुतवल्ली म्हणतात तार कापलीच नाही, वाऱ्याने लोंबत होती म्हणून काठीला बांधली. विळा म्हणे दोरी कापायला होता. खोटं!

चिडून चारही तारा उपटल्या आणि दिसेल त्या भोकात खुपसत गेलो. सातव्या खेपेला सगळं सुरू झालं. तिन्ही इमारती! का सुरू झालं ते मला माहीत नाही, पण कोणाला कळलेलंही नाही. उस्ताज वगीह सज्जात बनियनवर टरबूज खात होते, माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते इतक्या लांबून कळलं नाही.

गुरुवार, ३० जून

आज तिसऱ्यांदा समोर जावं लागलं. इनासच्या कॉम्प्युटरमागची तार सैल झाली होती. टोपलीतून चिठ्ठी आली: "माझं नेट गेलं. फक्त माझंच." त्या तारेच्या टोकाला खिटी असते, ती दाबल्याशिवाय तार निघत नाही, आणि खिटी शाबूत आहे. मग निघते कशी?

तिची आई चहा घेऊन आली. मी म्हटलं, "मांजर असेल. मांजरं तारा ओढतात."

इनास म्हणाली, "असेल. फार हुशार मांजर आहे."

हिंद पुस्तकात तोंड घालून खोकायला लागली. परीक्षेच्या जागरणाने मुलींच्या तब्येती बिघडतात.

सोमवार, ४ जुलै

वीज गेली. आली तेव्हा सगळीकडे शुकशुकाट. पुन्हा तारांची अदलाबदल. आमची इमारत आणि मागची चालू झाली, समोरची काही केल्या होईना. ती जुळवायला मशीन बंद करून परत चालू केलं, तर आता समोरचीही नाही आणि जी चालत होती तीही नाही. तारा होत्या तिथेच होत्या! शपथ, मी हातसुद्धा लावला नव्हता.

कीबोर्डवर मूठ मारली. एक बटण उडून कबुतरांत गेलं.

आई धूपदाणी घेऊन वर आली आणि तीन वेळा मशीनला ओवाळून गेली. "कोणाची तरी नजर लागलीय," म्हणाली. "मागच्या गच्चीवरचीच," मी म्हटलं. तिने माझ्याभोवतीही एक फेरी मारली.

मंगळवार, ५ जुलै

टोपलीतून चिठ्ठी. इनासचं अक्षर. कुठल्या दिवशी कुठली तार कुठल्या भोकात चालली ते तिने काल विचारलं होतं, मी वहीत बघून कळवलं होतं. जशीच्या तशी उतरवतो:

"बिघाड होतो त्या दिवशी सगळ्या तारा एकच घर सरकतात, दोन नाही, तीन नाही, एकच. तू तुझ्या वहीत बघ. कोणीतरी रांगेतून उठून जातंय का?"

रांगेतून उठून जाणारा! सरळ मला म्हणायचं की कॉलेज अर्ध्यात सोडलंस. गणितात घालून म्हणायची काय गरज? चिठ्ठी फाडली. मग जोडली. वहीत ठेवलीय.

शनिवार, ९ जुलै

गुरुवारी निकाल लागणार म्हणे. आणि आज सकाळीच वीज दोनदा गेली, दोनदा सगळं कोसळलं.

त्यातच तिची तार पुन्हा सैल. गेलो, तर दार उस्ताज वगीह यांनीच उघडलं. सुट्टीवर होते. त्यांच्या दारातून आत गेलो, कारण तार बसवायची होती. तार बसवली. निघणार, तर म्हणाले, "बस. तोंड का असं? निकाल तुझा लागायचाय की हिंदचा?"

मला राग आला की खरं बोलतो, ही माझी खोड आहे. म्हटलं, "उस्ताज वगीह, माझं मशीन वेडं झालंय. काल जे तिसरं कार्ड मागच्या इमारतीला नेट देत होतं, ते आज देत नाही."

"तिसरं म्हणजे कुठलं?"

"तिसरं. मशीन मोजतं त्यातलं तिसरं."

"त्याच्या अंगावर काही नंबर?"

"नंबर कशाला? मोजून तिसरं."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "हे बघ बेटा. अलेक्झांड्रियाची गाडी रोज तिसरी येते. आज ती उशिरा आली आणि तिच्या जागी मन्सूराची तिसरी आली. आता मी मोजून सांधा लावला तर काय होईल? मन्सूराच्या लोकांना समुद्रावर पाठवू? बायकापोरांसकट? इंजिनाच्या कपाळावर नंबर असतो. तो वाचायचा, मग सांधा लावायचा. कितवी आली त्याच्याशी आपल्याला काय करायचंय!"

"पण एखादी आलीच नाही तर?"

"तर तिच्या लोकांची खोटी होईल. बाकीच्यांची का व्हावी?"

इनास दारात उभी होती. हळूच म्हणाली, "रांगेतून कोणी उठलं तरी."

मी चहा टाकून पळालो. चप्पल तिथेच राहिली.

रविवार, १० जुलै

सापडलं.

दोष माझाच, नखशिखांत. तिचं कार्ड मी पहिल्या स्लॉटमध्ये घातलं, म्हणून मोजणी तिथून सुरू झाली. शून्य होतं ते एक झालं, एक होतं ते दोन. सगळी एक घर सरकली. आणि वाकडी पट्टी त्या कार्डाला ढकलते, म्हणून ते कधी मशीनला दिसतं, कधी दिसत नाही. दिसलं नाही की उरलेली पुन्हा एक घर मागे. रांगेतून उठणारं तेच होतं. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं! मी गाढव आहे.

प्रत्येक कार्डाच्या पोटात कारखान्याने कोरलेला बारा अक्षरांचा नंबर असतो, जगात दुसऱ्या कोणाचा नसलेला. चारही नंबर वाचून घेतले. एका फाईलमध्ये चार ओळी लिहिल्या: हा नंबर दिसला तर त्याचं नाव हे. आता मशीनने मोजायचंच नाही, नाव वाचायचं. बाहेरच्या लाइनचं नाव 'स्टेशन'. आमच्या इमारतीचं 'घर'. मागच्या इमारतीचं 'कबुतर'. चौथ्याचं नाव इथे लिहीत नाही. फाईलमध्ये आहे तेवढं पुरे.

मुद्दाम कार्डं काढून उलटीसुलटी बसवली, चार वेळा. चारही वेळा सगळं जागच्या जागी! नाचलो. चौथं कार्ड मात्र परत वरच्याच स्लॉटमध्ये, नीट दाबून. तिची जागा पहिली ती पहिली.

संध्याकाळी मक्याचं पोतं खांद्यावर टाकून अम्म मुतवल्लींकडे गेलो. त्यांनी पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"विळा दोरीसाठीच होता," मी म्हणालो.

"सांगत होतो ना."

"चूक माझी होती."

"आता माझ्या बायकोला ऐकू जाईल असं म्हण. खिडकीकडे तोंड करून."

म्हटलं, दोनदा. मग त्यांनी कीबोर्डचं बटण परत दिलं. कबुतरीने घरट्यात नेऊन ठेवलं होतं म्हणे.

गुरुवार, १४ जुलै

सगळं क्रमाने लिहितो.

निकाल दहाला लागायचा होता. साडेनऊला उस्ताज वगीह माझ्या खोलीच्या दारात. "घरात तीन बायका रडताहेत," म्हणाले. "निकाल लागायच्या आधीच. मी इथे बसतो." उलट्या बादलीवर बसले, स्क्रीनकडे बघत, केबिनमध्ये बसतात तसे ताठ.

पावणेदहाला वीज गेली. अख्ख्या गल्लीने एक उसासा टाकला. दहाला पाच कमी असताना आली. मशीन उठलं. स्क्रीनवर नावं यायला लागली आणि उस्ताज वगीह मोठ्याने वाचायला लागले.

"स्टेशन. आलं. घर. आलं. कबुतर. आलं." थांबले. "चौथी?"

चौथी नाही. पट्टीने पुन्हा दगा दिला. समोरची इमारत बंद, बाकी सगळं सुरळीत.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. "मशीन बंद करतो. तीन मिनिटांत बसवतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. "बंद केलंस तर सगळ्यांचं बंद?"

"हो."

"या दोन इमारतींत किती मुलं?"

"सहा. पण समोर हिंद आहे, उस्ताज वगीह! तुमची हिंद!"

"मला माहीत आहे माझ्या मुलीचं नाव. सहा गाड्या फलाटावर येताहेत. माझी एक बाहेर उभी आहे. उभी राहू दे."

खाली डोकावून मी हिंदला ओरडलो, आमच्या घरी येऊन बघ. ती सज्जातून ओरडली, "मी माझ्याच घरी बघणार! दार लावून! तुमच्या आईसमोर रडायचं नाहीये मला!" तिच्या शेजारी इनास. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता संपलं. तिच्याच घराला मी अंधारात ठेवलं.

बसून राहणं मला येत नाही. पाय हलत होते. उस्ताज वगीह म्हणाले, "पाय थांबव, मजला हलतोय." मग शिकवावं तसं, स्क्रीनवर बोट ठेवून: "हे आकडे काय?" मी सांगितलं, कुठल्या कार्डातून किती जातंय ते. सव्वादहाला 'कबुतर'चा आकडा एकदम उडाला आणि मागच्या गच्चीपलीकडून बायकांचा आनंदाचा कल्लोळ उठला. एक. मग 'घर'. आमच्या पहिल्या मजल्यावरून दुसरा. तिसऱ्याला नुसतीच शांतता, मग एका बाईचा आवाज, "बरं आहे रे, पास आहेस ना, बरं आहे." आधी आकडा हलायचा, मग गल्ली ओरडायची. उस्ताज वगीह बोटांवर मोजत होते. पावणेअकराला सहावं बोट मिटलं.

"आता बंद कर."

बंद केलं. वाकडी पट्टी उपटून फेकली. कार्ड हातात घेतलं, एक क्षण विचार केला आणि ते सगळ्यात खालच्या, धुळीतल्या स्लॉटमध्ये बसवलं. खट्ट आवाज झाला. नीट बसल्याचा. नाव त्याच्याबरोबर जाणारच होतं, जागा कुठलीही असो.

मशीन उठलं. उस्ताज वगीह वाचायला लागले.

"स्टेशन. घर. कबुतर." मग चष्मा वर केला. "इ-ना-स."

मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. चौथा मजला आहे.

"शुक्री."

"जी."

"हे काय वाचलं मी?"

"नंबर लक्षात राहत नाही, म्हणून… तुम्हीच म्हणालात, कपाळावर…"

"मी नंबर म्हणालो होतो."

तेवढ्यात चौथ्या ओळीचा आकडा हलला. थोडा. मग झरझर. मी श्वास मोजले, सात झाले, आणि समोरून अशी किंकाळी आली की अम्म मुतवल्लींची सगळी कबुतरं एकदम उडाली. मग कल्लोळ, तिची आई, शेजारणी, टाळ्या. इनास सज्जातून ओरडली, "बाबा! पंच्याण्णव! पंच्याण्णव टक्के!"

उस्ताज वगीह बादलीवरून उठले, परत बसले, रुमालाने डोळे पुसले. नाकही. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि केबिनच्या आवाजात म्हणाले, "माझ्या मुलीचं नाव असं कोणाच्याही मशीनवर राहणार नाही. ही पाटी बदल. नाहीतर आईला घेऊन रीतसर ये. पण त्याआधी कॉलेजात परत नाव घाल. मला कागद दाखव. शिक्क्यासह."

"जी."

दारात वळले. "आणि ते मांजर. आमच्या घरात कधीच मांजर नव्हतं."

मग तार काढत होतं कोण?

शनिवार, १६ जुलै

सकाळी कॉलेज. पुन्हा प्रवेशाचा अर्ज दिला. खिडकीत तेच प्रयोगशाळेतले मास्तर निघाले, सुट्टीत कचेरीत बसतात. अर्ज बघून म्हणाले, "टी-स्क्वेअर आणलास का?" लोक हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "नवा घेतो, सर." त्यांनी शिक्का मारला. एवढंच होतं.

कागद दाखवल्यावर उस्ताज वगीह यांनी तो उजेडात धरून शिक्का तपासला, दोन्ही बाजूंनी. "बरं," म्हणाले. दारातच. पण दार उघडं ठेवलं होतं.

दुपारी इनासने टोपली खाली सोडली. हिंदच्या निकालाचं सरबत, बाटलीत, आणि खाली चिठ्ठी:

"माझी तार पुन्हा निघाली आहे. या वेळी एकटा येऊ नकोस, आईला घेऊन ये."

तीनदा वाचली. मग कळलं. सगळं. मांजरासकट.

आईला हाक मारली. ती चुलीवरची मुलूखियाची पातळ भाजी ढवळत होती. म्हणाली, "काय अर्धवट राहिलं आता?" मी म्हटलं, "काही नाही. चांगला झगा घाल."

पाटी बदललेली नाही.